घरी बनवलेल्या प्रीअ‍ॅम्पची डावी बाजू फाटकी, दबकी वाजते. ५५३२ ही ऑप-अ‍ॅम्प आयसी बदलूनही तिच्या पाय १ वर (डाव्या बाजूचे आउटपुट) उणे १३ व्होल्ट दिसतात. कोणता भाग तपासू?

आयसी नव्हे, तर पाय ३ (डाव्या बाजूचे इनपुट) पासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर आणि त्याचे सोल्डर आधी तपासा. पुरवठा अधिक-उणे १५ व्होल्ट असल्यास पाय ८ व ४ वर तेवढे व्होल्टेज, आणि सिग्नल नसताना पाय १ वर जवळजवळ शून्य मिळायला हवे. ५५३२ च्या इनपुटला अत्यल्प का होईना, पण डीसी करंट लागतो आणि त्याची वाट तुटली की आउटपुट उणे पुरवठ्याच्या टोकाला जाऊन चिकटते. वीज बंद करून आयसी सॉकेटमधून काढा व पाय ३ च्या छिद्रापासून ग्राउंडपर्यंत ओहम मोजा: ४७ किलोओहम बसवला असेल तर तेवढेच, आणि उजव्या बाजूला पाय ५ पासूनही तेच दिसले पाहिजे. बेळगाव-खानापूर भागातल्या भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करताना हा दोष मला अनेकदा कच्च्या सोल्डरमध्येच सापडला आहे. रेझिस्टरच्या तारेभोवती केसाएवढी काळपट रेघ दिसते आणि काडीने दाबताच मीटरचा आकडा हलतो. आकडा बरोबर आला, तर पाय १ ते २ मधला फीडबॅक रेझिस्टर (आउटपुट परत इनपुटला जोडणारा) तशाच रीतीने पाहा. व्होल्टेज मोजताना मीटरच्या प्रोबचे टोक आयसीवर न टेकवता रेझिस्टरच्या तारेवर टेकवा, कारण पाय ३ व ४ शेजारी असून टोक घसरले की उणे १५ व्होल्ट थेट इनपुटला जातात. मात्र एकेरी पुरवठ्याच्या (उणे व्होल्टेज नसलेल्या) सर्किटमध्ये पाय १ वर शून्य नव्हे, तर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज योग्य असते.