थ्रेड अनेक असताना ब्रेकपॉइंटवर सगळेच का थांबतात?

आपण विचारले आहे की, वरूडजवळच्या संत्र्याच्या बागेतील लिनक्स-आधारित पंप-नियंत्रकाला गावातील घरून जीडीबीने, म्हणजे प्रोग्रॅममधील दोष शोधण्याच्या साधनाने (डीबगरने), जोडल्यावर एका थ्रेडवर (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या एका धाग्यावर) लावलेला ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, सगळा प्रोग्रॅमच का थांबवतो.

जीडीबीची मूळ पद्धतच ‘ऑल-स्टॉप’ आहे, म्हणजे एक थ्रेड थांबला की सगळेच थांबतात. त्यामुळे सेन्सर वाचणाऱ्या थ्रेडवर ब्रेकपॉइंट लागला की विहिरीची पातळी पाहून मोटर बंद करणारा थ्रेडही थिजतो, आणि रात्रीच्या विजेवर चालू असलेला पंप विहीर आटली तरी चालतच राहतो. म्हणून चाचणीपुरती मोटर स्टार्टरपासून वेगळी करावी; हे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर जीडीबीसर्व्हरला (नियंत्रकावर चालणाऱ्या जीडीबीच्या जोडीदार प्रोग्रॅमला) जोडण्यापूर्वीच ‘सेट नॉन-स्टॉप ऑन’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे ब्रेकपॉइंटवर पोहोचलेला थ्रेडच थांबतो आणि बाकीचे चालू राहतात. थांबलेल्या थ्रेडने कुलूप, म्हणजे म्यूटेक्स (सामायिक गोष्ट एका वेळी एकाच थ्रेडला वापरू देणारी सोय), धरून ठेवले असेल तर मात्र इतर थ्रेड त्याची वाट पाहत अडकतील. ब्रेकपॉइंट कुलूप सोडल्यानंतरच्या ओळीवर ठेवणे बरे.

ब्रेकपॉइंटला अट लावली असल्यास ती शक्यतो बोर्डावरच, म्हणजे नियंत्रकातच, तपासली जाईल असे पाहावे, कारण शेतातील मोबाइल नेटवर्कवरून प्रत्येक वेळी उत्तर येईपर्यंत वेळेचे गणित बिघडते आणि शोधत असलेला दोष दिसेनासा होतो.

पुढे लिनक्स नसलेल्या कॉर्टेक्स-एम चिपवर गेलात तर थांबतो तो प्रोसेसरचा अख्खा गाभाच; तिथे डीबगच्या वेळी वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकल्यास चिप पुन्हा सुरू करणारा टायमर) गोठवण्याची सोय आधी चालू करावी.