सोर्सपासून लिनक्स बिल्ड करताना वेगळा यूजर आणि कोरे एन्व्हायर्नमेंट कशासाठी?

होस्टवरील (म्हणजे ज्या चालू लिनक्सवरून नवी प्रणाली बिल्ड करतो त्यावरील) कंपायलर व्यवस्थित चालत असताना आणि रूटचे अधिकार हाताशी असताना वेगळा यूजर, कोरे एन्व्हायर्नमेंट (शेलमधील व्हेरिएबल्सचा जुना संच टाकून केलेली सुरुवात) आणि पुढे सीएचरूट (नव्या डिरेक्टरीलाच मूळ डिरेक्टरी मानून आत काम करणे) एवढा खटाटोप कशाला, असे आपण विचारले आहे. हा खटाटोप मुख्यतः सुरक्षिततेसाठी नाही. जुनी प्रणाली नव्या प्रणालीत नकळत झिरपू नये यासाठी आहे, आणि ही गळती बहुधा एकही एरर न देता होते.

समजा, होस्टवर लायब्ररींचा पाथ सांगणारे एखादे व्हेरिएबल आपण पूर्वी कधी सेट करून विसरलात. बिल्डआधी प्रणाली तपासणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट ते निमूटपणे उचलते, होस्टच्या लायब्ररीशी लिंकिंग होते, बिल्ड पार पडते आणि सीएचरूटमध्ये शिरल्यावर तो प्रोग्राम सुरूच होत नाही. म्हणून नव्या यूजरच्या प्रोफाइलमध्ये ‘एन्व्ह’ हा आदेश ‘आय’ पर्यायासह देऊन होम, टर्म आणि प्रॉम्प्ट एवढेच सोबत घेणारा शेल सुरू करतात. डेबियन आणि उबुंटूवर तेवढ्याने भागत नाही, कारण तेथील बॅश (नेहमीचा शेल) ईटीसी डिरेक्टरीतील सर्व यूजरसाठीची सामायिक सेटिंग फाइल बॅशआरसीही वाचते. ती फाइल काम संपेपर्यंत दुसऱ्या नावाने ठेवावी. बॅशचे हॅशिंगही (आदेशांचे पाथ लक्षात ठेवणे) बंद करावे, नाहीतर नव्याने तयार झालेले टूल पाथमध्ये आधी असूनही लक्षात राहिलेले जुनेच चालवले जाते.

रूट म्हणून बिल्ड का करू नये, हे मी ठेच लागून शिकलो. दुसऱ्या टर्मिनलवर रूट होऊन मी सी लायब्ररीचे (जवळपास सर्व प्रोग्राम जिच्यावर चालतात तिचे) ‘मेक इन्स्टॉल’ दिले. नव्या पार्टिशनचा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल त्या शेलमध्ये रिकामे होते, त्यामुळे फायली थेट होस्टच्या यूएसआरमध्ये जाऊन बसल्या आणि त्यानंतर साधे ‘एलएस’सुद्धा चालेना. साध्या यूजरने हीच चूक केली असती, तर ‘परमिशन डिनाइड’ एवढ्यावर निभावले असते.

सीएचरूटमध्ये फाइल सिस्टिम नवी दिसली तरी कर्नल होस्टचाच असतो. त्यामुळे होस्टची डेव्ह (उपकरणांच्या फायलींची डिरेक्टरी) आत बाइंड करून, म्हणजे तीच आतही दिसेल असे जोडून, आणि कर्नलची माहिती देणाऱ्या प्रॉक आणि सिस माउंट करूनच आत जावे, आणि मध्ये रीबूट झाल्यास ते सारे पुन्हा करावे. बिल्ड फसले म्हणून वैतागून अख्खी डिरेक्टरी उडवायची वेळ आली, तर त्याआधी सर्व अनमाउंट केल्याची खात्री करावी, कारण आत दिसणारी डेव्ह ही होस्टचीच डेव्ह असते.