पुंगळी, कान आणि रंजक

प्रश्न असा आला आहे: घरात पणजोबांच्या काळापासून पितळेची फूटभर उंच ‘फुलदाणी’ आहे. बुडावर ‘१८ पीआर’, ‘सीएफ’, ‘१९१६’ असे इंग्रजी ठसे आणि मधोमध एक गोल चकती. हिला ‘तोफगोळ्याचं कवच’ म्हणावं का, आणि त्या चकतीला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या प्राइमरला, मराठीत काय म्हणतात?

कवच नको, ते कासवाला राहू द्या. गोळा उडून जातो, मागे उरते ती पुंगळी. चकमकीच्या बातम्यांत ‘रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं आपण वाचतोच, तोफेचीही पुंगळीच. आत दारू भरली, प्राइमर बसवला की ते काडतूस. हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुश’वरून आला.

प्राइमरचं काम पूर्वी रंजक करायची. ठासणीच्या तोफेला मागच्या बाजूला बारीक भोक असे, तो तोफेचा कान. त्यात रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू घालायची आणि जामगी, म्हणजे पेटती वात, टेकवायची. तोफ निकामी करताना खिळे ठोकत तेही याच कानात. तुमच्या चकतीत जामगीऐवजी ठोका बसतो: आतली टिकली फुटते (दिवाळीच्या पिस्तुलातलीच आठवा), तिच्यामागची काळी दारू पेटते आणि मग मुख्य दारू. तरीही आज नुसतं ‘रंजक’ लिहिलंत तर वाचक ‘मनोरंजक’ समजेल. म्हणून इथे मी प्राइमरच लिहीन. पेशव्यांच्या तोफखान्याबद्दल लिहिताना मात्र रंजकच.

‘१८ पीआर’ म्हणजे अठरा पौंडी ब्रिटिश तोफ, तोंड ३.३ इंची. ‘सीएफ’मधला सी कॉर्डाइट या दारूचा, एफ ‘फुल’चा, म्हणजे दारूच्या पूर्ण भाराचा. कावळ्याच्या पावलासारखा बाण दिसला तर ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. सोबत ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा.

तुमच्या भावाकडच्या दुसऱ्या पुंगळीवर ‘७५ डीईसी’ आहे म्हणता, आणि तो ते ‘डिसेंबर १८७५’ वाचतो. गंमत आहे! अक्षरं तोडून वाचा: ‘डीई’ वेगळं, ‘सी’ वेगळा. फ्रेंचमध्ये ‘द काँपान्य’, म्हणजे मैदानी तोफ, ७५ मिलिमीटरची. ती तोफच मुळी १८९७ची.

आणि चिंच लावून घासायला घेण्याआधी चकतीच्या मधोमध ठोक्याचा खळगा आहे का, ते नुसतं पाहा. नसेल तर प्राइमर अजून जिवंत असू शकतो. मग घासू नका, उघडू नका, पोलिसांना कळवा.