'पानी' म्हणणं अशुद्ध आहे का?

प्रश्न आला आहे तो असा. कुटुंब मूळचं अकोल्याचं, आता राहायला पुण्यात. मुलगी आजीजवळ वाढते आहे, त्यामुळे 'पानी', 'लोनी', 'कोन आलं?' असं बोलते. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला की उच्चार अशुद्ध आहेत, 'ण'ची सवय करून घ्या. हा जिभेचा दोष आहे का, आणि 'पानी'त नेमकं चुकतं काय?

जिभेचा दोष नाही. आजींना 'भांडन' म्हणायला सांगा आणि नीट ऐका. शेवटचा न दाताजवळचा आहे, पण मधला अनुस्वार? पुढे ड आहे म्हणून तिथे जीभ आपोआप मागे वळते आणि स्वच्छ ण् उमटतो. 'घंटा', 'अंडं' यांतही तेच. म्हणजे ज्या आजींना 'ण येत नाही' असं आपण म्हणतो, त्या दिवसातून शंभरदा ण उच्चारतात. दोन स्वरांच्या मध्ये किंवा शब्दाच्या शेवटी ण आणि न वेगळे ठेवायचे नाहीत, इतकाच त्या बोलीचा नियम. वऱ्हाडात, खानदेशात, आगरी-कोळी वस्त्यांत आणि देशावरच्या कितीतरी घरांत तो चालतो, आणि कुणाचं काही अडत नाही. 'कोन आलं?' ऐकून आजवर कुणी कंपासपेटी उघडलेली नाही.

आता बाईंकडे वळू. त्या 'षष्ठी'तला पहिला ष कसा म्हणतात? जवळजवळ खात्रीनं श, म्हणजे 'शष्ठी' असाच. 'विशेष'मधले दोन्ही वर्ण त्यांच्या तोंडी एकच असणार. 'ऋषी'चा 'रुशी', 'ज्ञान'चं 'द्न्यान', 'ब्राह्मण'चा 'ब्राम्हण'. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. मीही असंच बोलतो. पण इथेही वर्णमालेतला एक भेद उच्चारातून पुसला गेलाच आहे की. ण आणि न एक झाले तर ते अडाणीपणाचं लक्षण, श आणि ष एक झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण दुसरी गोष्ट करणाऱ्यांत आकाशवाणीचे निवेदकही आहेत आणि प्राध्यापकही.

'शुद्ध'च्या बाजूनं हमखास संस्कृतचा आधार घेतला जातो. तोही तपासून पाहू. 'पाणी' आलं 'पानीय'वरून, 'लोणी' आलं 'नवनीत'वरून. मुळात दोन्हीकडे न. मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात न सरसकट ण झाला. प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या वररुचीचं सूत्रच आहे, 'नो णः सर्वत्र', म्हणजे 'न'चा सगळीकडे ण. त्या काळी 'नयन'सुद्धा 'णअण' व्हायचं. उलट ज्या शब्दांत संस्कृतात ण होता, तिथे आपली प्रमाण मराठी बिनदिक्कत 'न' उच्चारते: कर्ण – कान, पर्ण – पान, सुवर्ण – सोनं, चूर्ण – चुना, जीर्ण – जुना. कानात सोनं घालून पानाला चुना लावणारा सदाशिवपेठी माणूस एका वाक्यात चारदा संस्कृतचा ण बुडवतो, आणि त्याला कुणी हटकत नाही. (यावरून 'पानी'च खरं शुद्ध, असा उलटा झेंडा मात्र कुणी नाचवू नये. तो उच्चार पानीयातला न जपून आलेला नसावा. बहुधा ण होऊन पुन्हा न झालेला आहे.)

मला यात सगळ्यात मजेशीर वाटतं ते दिल्लीचं उदाहरण. तिथे शहरी हिंदी 'पानी' म्हणते आणि हरियाणवी बोलणारा 'पाणी', 'जाणा', 'खाणा' म्हणतो. हसतात कुणाला? 'ण'वाल्याला. पुण्यात ज्या वर्णानं माणूस सुसंस्कृत ठरतो, त्याच वर्णानं तो दिल्लीत गावंढळ ठरतो.

इंग्रजीतही असंच एक नाणं आहे, समुद्र ओलांडला की उलटं पडणारं. 'कार', 'फोर्थ' यांतला र गिळणं ही इंग्लंडमध्ये भारदस्त बोलीची खूण. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ती खालच्या थरातल्या बोलण्याची खूण झाली. विल्यम लबोव्ह या भाषावैज्ञानिकानं 1962 साली तिथल्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन हे तपासलं: महागडं सॅक्स, मधलं मेसीज, स्वस्तातलं क्लाइन. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं तो विचारायचा, की उत्तर यायचं 'फोर्थ फ्लोर'. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा वदवून घ्यायचा, म्हणजे सांभाळून केलेला उच्चारही मिळायचा. दोन शब्दांत र कितीदा ऐकू आला ते वळून कागदावर टिपायचं, झालं. थोडा तरी र उच्चारणारे सॅक्समध्ये सुमारे 62 टक्के, मेसीजमध्ये 51, क्लाइनमध्ये 20च्या आसपास. लक्षात घ्या, उत्तर देणारे सगळे नोकरदारच होते, श्रीमंत गिऱ्हाइकं नव्हेत. समोर येणाऱ्या गिऱ्हाइकाचा रंग त्यांच्या जिभेवर चढला होता.

आपल्याकडे मात्र आर्थिक 'वर्ग' एकटा कधी येत नाही. जात, गाव आणि शाळा यांना सोबत घेऊनच येतो. 1831 साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून झाला. त्या कामाला आणि त्या काळच्या पाठ्यपुस्तकांना हाताशी होते ते मुख्यतः ब्राह्मण पंडित आणि शास्त्री. पुणेरी शिष्टांची बोली छापखान्यात गेली आणि पुस्तकातली मराठी झाली. बाकीच्यांची घरीच राहिली. छापलेली ती शुद्ध हे समीकरण तिथून पक्कं होत गेलं.

मग शेजारी राहून, रोज कानावर पडूनही बोली एक का होत नाहीत? भाषावैज्ञानिक जॉन गम्पर्झ यांनी उत्तर प्रदेशच्या सहारनपूर जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास 1958 साली प्रसिद्ध केला, त्यात याचं उत्तर सापडतं. अस्पृश्य मानलेल्या जातींचा वरच्या जातींशी कामानिमित्त रोजचा संबंध होता, तरी त्यांचे उच्चार वेगळे राहिले. बोली जुळते ती कामामुळे नाही, मैत्रीमुळे, बरोबरीनं बसून मारलेल्या गप्पांमुळे. जिथे ओसरीच्या पलीकडे पाऊल टाकायची मुभा नाही, तिथे उच्चार तरी कसा ओलांडून जाणार?

हसण्याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. ज्याला सारखं टोकलं आहे तो माइकसमोर उभा राहिला की नको तिथेही ण पेरतो: 'माझा अणुभव असा आहे'. लबोव्हलाही हेच दिसलं होतं. शब्दांची यादी वाचायला दिली की निम्न मध्यमवर्गीय न्यूयॉर्ककर र उच्चारण्यात वरच्या वर्गालाही मागे टाकायचे. आणि शहरात शिकून सुट्टीला गावी आलेला मुलगा 'पाणी' म्हणाला, की पारावरचे विचारतात, 'काय रे, लई बामनी बोलाया लागला?' तिथे 'पानी' म्हणण्यात आपलेपणाचा मान आहे. इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात भाषावैज्ञानिक पीटर ट्रडगिल यांना असे पुरुष भेटले, जे बोलायचे बऱ्यापैकी 'शिष्ट', पण आपण त्याहून रांगडं बोलतो असं ठासून सांगायचे.

तेव्हा मुलीच्या बाबतीत माझं म्हणणं असं. वहीत 'पाणी', 'लोणी', 'कोण' असंच लिहायचं. लेखनाचे नियम सगळ्यांना सारखे आहेत. घरी 'न'च कानावर पडणाऱ्या मुलीला हे ण पाठ करावे लागतील, जसे पुण्यातल्या मुलांना 'विशेष' आणि 'शेष'मधले ष पाठ करावे लागतात. तिनं 'पानी' लिहिलं तर ती 'विशेश'च्या जातीची चूक समजावी, त्याहून मोठी नाही. वर्गात कविता म्हणताना ण उच्चारायला ती मैत्रिणींकडूनच शिकेल, आणि आजीशी बोलताना पुन्हा 'न'वर येईल. मुलं हे सहज करतात. बाईंना भेटाल तेव्हा 'अशुद्ध'ऐवजी 'वऱ्हाडी' हा शब्द सुचवून पाहा, आणि आजींसमोर मुलीचा उच्चार दुरुस्त करू नका.