'सुमारे १६५०' चं लँटर्न क्लॉक आणि किल्लीची दोन भोकं

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या एका लिलावाच्या यादीत 'सुमारे १६५०' असं लिहिलेलं पितळी लँटर्न क्लॉक आहे, त्याला दोन काटे आणि तबकडीवर किल्लीची दोन भोकं आहेत, तर संग्रहातलं पहिलं घड्याळ म्हणून ते घ्यावं का?

१६५० च्या भावाने घेऊ नका. मी इंग्लंडमध्ये राहतो, ही घड्याळं जमवतो, आणि यादीतलं वर्ष वाचण्याआधी तबकडी बघतो. लँटर्न क्लॉक म्हणजे कंदिलासारख्या आकाराचं, वर घंटा असलेलं, भिंतीवर टांगायचं घड्याळ, आणि ते वजनांवर चालतं. दोरी किंवा साखळी ओढली की वजन वर जातं, किल्ली लागतच नाही, म्हणून तबकडीला भोक नसतं. काटाही बहुधा एकच असतो, तासाचा. दोन अंकांमधल्या जागेचे चार भाग केलेले असतात, त्यामुळे पाव तासापर्यंत वेळ कळते. सतराव्या शतकातल्या घराला तेवढं पुरत होतं.

व्हिक्टोरियन काळात या घड्याळांना पुन्हा मागणी आली. तेव्हा अनेकांची मूळ यंत्रणा काढून स्प्रिंगवर चालणारी, किल्लीची यंत्रणा बसवली गेली, आणि पूर्ण नव्या नकलाही बनल्या. तुमच्या घड्याळाचा सांगाडा जुना असू शकेल, आतलं काम मात्र तसं नाही.

आता खरी गंमत. १६५० चं अस्सल घड्याळसुद्धा आज मूळ स्थितीत जवळजवळ मिळत नाही. तेव्हा वेग धरून ठेवायला घंटेखाली आडवं फिरणारं बॅलन्स चाक असे, आणि दिवसाला पंधरा मिनिटांची चूक सहज होई. डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ शोधलं, १६५८ मध्ये लंडनचे घड्याळजी अहासुरस फ्रोमँटील यांनी लंबकाच्या घड्याळांची जाहिरात दिली, आणि मग लोकांनी आपली जुनी घड्याळं लंबकावर करून घेतली. आधी आखूड लंबक, पुढे अँकर पद्धतीचा, म्हणजे नांगराच्या आकाराचा भाग दातेरी चाक अडवतो-सोडतो तसा, लांब लंबक. या प्रत्येक बदलाची खूण वरच्या प्लेटवर राहते: रिकामी भोकं, पितळेने बुजवलेली भोकं, कापलेल्या खाचा. असा बदल मला दोष वाटत नाही. घड्याळ वापरात होतं म्हणूनच कोणीतरी त्यावर पैसे खर्च केले. मूळ यंत्रणाच फेकून दिली असेल तर मात्र हे काहीच वाचायला उरत नाही.

म्हणून लिलाववाल्यांकडून घंटा उतरवून वरच्या प्लेटचा फोटो मागवा, आणि तबकडीच्या मागच्या बाजूचाही. जुनं पितळ ओतून, ठोकून सपाट केलेलं असतं, त्यामुळे मागे बारीक खड्डे आणि असमान जाडी दिसते. कारखान्यात लाटलेला पत्रा एकसारखा असतो. समोरच्या नक्षीदार जाळीच्या स्क्रूंजवळ जास्तीची भोकं असतील तर जाळी दुसऱ्या घड्याळाची असू शकते. मागची लोखंडी कडी आणि भिंतीला टेकणारे दोन काटेरी खिळे शाबूत असतील तर उत्तम, कारण घड्याळ फळीवर ठेवायला लागल्यावर ते बऱ्याचदा कापून टाकले जात.

कोरलेल्या नावावर भाळू नका. लॉथबरी ही लंडनमधली पितळ ओतणाऱ्यांची वस्ती, आणि तिथल्या थॉमस निफ्टनसारख्या कारागिराचं नाव असलं की भाव चढतो. साहजिकच नंतर कोरलेली नावंही सापडतात. अक्षरांच्या कडा बाकी नक्षीपेक्षा ताज्या, धारदार दिसल्या तर थांबा.

माझं मत विचाराल तर पहिलं घड्याळ लंडनचं नकोच. १७०० च्या आसपासचं, एखाद्या गावातल्या कारागिराने सुरुवातीपासून लांब लंबकाचं केलेलं, एका काट्याचं घड्याळ शोधा. ते तुलनेने स्वस्त मिळतं आणि मूळ यंत्रणेसह मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्याआधी जमलं तर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये क्लॉकमेकर्स कंपनीचा, म्हणजे घड्याळ करणाऱ्यांच्या जुन्या संघटनेचा, संग्रह पाहून या. आणि घेतल्यावर ब्रासोने चकाचक करू नका, प्रत्येक घासणीत कोरीव काम थोडं झिजतं.