अणुऊर्जा की परमाणुऊर्जा?

खानापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, कर्नाटकातील कैगाच्या वीजकेंद्राला मराठी वृत्तपत्रे ‘अणुऊर्जा प्रकल्प’ म्हणतात, हिंदी बातम्यांत मात्र ‘परमाणु ऊर्जा’ ऐकू येते आणि मुलाच्या कन्नड विज्ञानाच्या पुस्तकातही ‘परमाणु’च आहे, तेव्हा मराठी शब्द चुकीचा आहे का?

मुळीच नाही. मराठी परिभाषेत मूलद्रव्याचा लहानात लहान कण तो अणू आणि अणू एकत्र येऊन बनतो तो रेणू. हिंदीत व कन्नडमध्ये हीच जोडी अनुक्रमे परमाणु आणि अणु अशी आहे. ती वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाला जवळची आहे, कारण तेथे परमाणू अविभाज्य असून दोन परमाणूंचे द्व्यणुक होते. मराठीने दुसऱ्या पायरीसाठी धूलिकणाचा ‘रेणू’ घेतला. त्यामुळे मराठी शाळेतून कन्नड माध्यमात गेलेले आपल्याकडचे मूल ‘नीरिन अणु’ असे वाचते, तेव्हा त्याला पाण्याचा अणू वाटतो. तेथे अभिप्रेत असतो तो दोन हायड्रोजन व एक ऑक्सिजन मिळून झालेला पाण्याचा रेणू. शिक्षकांनी हा फरक पहिल्याच तासाला फळ्यावर मांडावा, असे मला कळकळीने वाटते.

कैगात नैसर्गिक युरेनियमच्या अणूचे केंद्रक न्यूट्रॉनच्या आघाताने दुभंगते, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर जनित्र फिरते. प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्यांची एकूण क्षमता ८८० मेगावॉट आहे. कोळसा जळताना रेणूंची मोडतोड व नवी जुळणी होते, केंद्रकाला धक्काही लागत नाही. म्हणून ‘अणुविखंडन’ (केंद्रक दुभंगणे) या शब्दात हिंदी-कन्नड परिभाषेतला अणु धरला, तर सगळा अर्थच बिघडतो. काटेकोर बोलायचे तर ‘केंद्रकीय ऊर्जा’ अधिक नेमके ठरेल. परंतु १९४८ सालच्या अणुऊर्जा आयोगापासून आणि १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरपासून रुळलेला शब्द बदलण्याचे कारण मला दिसत नाही. कन्नड वृत्तपत्रेदेखील कैगाला ‘अणु विद्युत स्थावर’च म्हणतात. (तिथले ‘स्थावर’ म्हणजे प्रकल्प, आपल्या सातबाऱ्यावरची स्थावर मालमत्ता नव्हे.)

लेखनाविषयी एवढेच की, सुटा शब्द ‘अणू’ असा दीर्घान्त लिहावा, सामान्यरूपातही ‘अणूचा’, ‘अणूंमध्ये’ असेच लिहावे. समासात तो पहिला आला की तत्सम असल्याने ह्रस्व होतो, म्हणून अणुभट्टी, अणुऊर्जा, अणुबाँब.