दिन-दीन राहू दे, आधी 'बसमध्ये बस'

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, लेक दुसरीत, इंग्लिश मीडियम, शाळेत होमोफोन्स चालू आहेत (सन म्हणजे सूर्य आणि सन म्हणजे मुलगा, स्पेलिंग वेगळं पण उच्चार तोच), तर मराठीत असे शब्द आहेत का आणि एवढ्याशा पोराला शिकवायचे कसे.

आहेत ताई, पण थोडे. आपण बरंचसं बोलतो तसंच लिहितो, त्यामुळे घोळ उरतो तो मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घाचा. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, बोलताना दोन्ही 'दीन'च, कारण शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीची वेलांटी मराठी तोंडात लांबतेच, फक्त संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दात लिहिताना ती ऱ्हस्व ठेवायची. तसंच सुत (मुलगा) आणि सूत, शिर (डोकं) आणि शीर, पिक (कोकिळ) आणि पीक. व्हॉट्सॅपवरच्या याद्यांत पाणि-पाणी असतंच असतं, ते खुशाल गाळा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, म्हणजे हात या अर्थाचा शब्दही सुटा लिहिला तर पाणीच होणार, ऱ्हस्व राहतो तो पाणिग्रहणसारख्या समासात.

पण दुसरीतलं पोर 'सुत' म्हणणार कधी? जोडीतला एक शब्द आयुष्यात ऐकलेलाच नाही तर त्यात गंमत कसली, नुसती घोकंपट्टी. त्यापेक्षा लिहायलाही तेच, बोलायलाही तेच, अर्थ मात्र वेगळे असे शब्द आधी घ्या. 'एनएमएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बस' म्हणा आणि विचारा चाकं कुठल्या बसला (एक बस इंग्रजीतून आलीये, चालतंय की). पान, माळ, नाव, तार हे आहेतच. पाळी तर आपल्या ठाण्याचीच, झोपाळ्यावर आता माझी पाळी, कानाची पाळी आणि तलावपाळी, यातल्या शेवटच्या दोन्ही म्हणजे कड. एकेका वाक्याचं चित्र काढायला लावा, व्याख्या अजिबात सांगू नका.

फक्त एक सांभाळा, सगळं जग आणि पाण्याचा जग या यादीत घालू नका. दिसायला सारखे पण पहिला ज दाताशी, दुसरा टाळूशी, म्हणजे होमोफोनच्या बरोब्बर उलटं प्रकरण. आइस्क्रीम चाट आणि शेवपुरीवाल्याकडचं चाट, तिथेही तेच. मोठ्याने म्हणायला लावलं की पोरांना फरक लगेच ऐकू येतो, आपल्यालाच इतक्या वर्षांत जाणवलेला नसतो.

दिन-दीन चौथी-पाचवीत बघू, वेलांटीचे मार्क कापायला लागतील तेव्हा.